अण्णांची वही

श्रावणात माहेरी जायचा माझा नेम आहे. बेळगावकडून निघायचं, पुण्यात गाडी बदलायची आणि उज्जैनच्या फलाटावर उतरलं की जीभ आपोआप वळते. सासरी चाळीस वर्षं बाजारात कानडी आणि घरात मराठी. माहेरी बाजारात हिंदी आणि घरात मराठी. उंबऱ्याच्या आत तेवढं आपलं, हे दोन्हीकडे सारखंच. उज्जैनचा श्रावण मात्र आपल्यापेक्षा मोठा. उत्तरेकडचा श्रावण पौर्णिमेनंतर लगेच सुरू होतो, आपला पंधरवड्यानं, आणि महाकालाची सोमवारची सवारी दोन्ही हिशेब पाळते. उत्तरेच्या श्रावणात निघायला लागते, ती आपला मराठी श्रावण संपेपर्यंत निघते. शिंद्यांचं राज्य गेलं, पण पंचांग मागे राहिलं, असं आमचे अण्णा म्हणायचे.

यंदा पोचले त्याच संध्याकाळी दादाची नात कागद घेऊन समोर बसली. सातवीत आहे. शाळेत आता वर्षातून काही दिवस दप्तर न घेता जायचं असतं, सुताराकडे, कुंभाराकडे, माळ्याकडे बसून काम बघायचं असतं. २०२०च्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी असे दहा दिवस सांगितलेले आहेत. तिच्या बाईंनी त्याला जोडून एक काम दिलं होतं : आपल्या मोहल्ल्यातला कुठलाही एक धंदा निवडा आणि त्याचं ‘बिझनेस मॉडेल’ लिहा.

“आत्याआजी, बिझनेस मॉडेलला मराठीत काय म्हणायचं?”

मला सुचेना. धंद्याची रीत म्हणावं, तर रीत म्हणजे लग्नकार्यातली वाटते. धंद्याचं गणित म्हणावं, तर त्यात गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत नाही. मी म्हटलं, “धंद्याची मांडणी म्हण. कोणाला काय विकायचं, ते त्यानं आपल्याकडूनच का घ्यायचं, पैसा कुठून येणार आणि कुठे जाणार.”

दादा झोपाळ्यावर पेपर वाचत होता. पेपर खाली न करताच म्हणाला, “या घरात तो शब्द नको. एकदा मांडणी केली होती, आईची एक पाटली गेली.”

ते वाक्य नातीसाठी नव्हतं. आत स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या तिच्या बापासाठी होतं. माझ्या भाच्याचं गेले काही महिने चाललंय, की गच्चीवर तीन खोल्या काढायच्या आणि यात्रेकरूंना द्यायच्या. ११ ऑक्टोबर २०२२ला महाकाललोक उघडलं आणि तेव्हापासून गावात येणाऱ्यांची संख्या कुठल्या कुठे गेली. आमच्या गल्लीतसुद्धा ‘होम स्टे’च्या तीन पाट्या लागल्यात. पुढे २०२८चा सिंहस्थ आहे. भाचा कर्ज काढायला निघालाय आणि दादा सही करत नाही. बाप-लेकात बोलणं होतं ते फक्त जेवताना, मीठ वाढ, पाणी दे, एवढंच.

असो. दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन मी मंदिराच्या वाटेला लागले.

सुरुवात पोह्यांच्या गाडीपासून. उज्जैनला सकाळ पोहे-जिलबीशिवाय उजाडत नाही. परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली, म्हणून पोहे तासन् तास मऊ राहतात. नातीनं वहीत लिहिलं, ‘वाफ फुकट नाही, पण त्यामुळे पोहे फुकट जात नाहीत.’ पोरीला बोलणं जमतं. अकराच्या सुमाराला गाडी निघाली. त्याच जागेवर संध्याकाळी चाटवाला उभा राहतो, ओट्याचं भाडं दोघांत निम्मं. ते तिनं विचारून घेतलं, मला नसतं सुचलं.

पुढे फुलांची दुकानं. प्रत्येक दुकानापुढे पाटी : ‘जूते-चप्पल रखना फ्री’. मी नातीला म्हटलं, “फुकट का ठेवून घेते ही बाई?” ती म्हणाली, “चांगली आहे म्हणून.” मालीणबाई हसली. म्हणाली, बेटा, जो चपला ठेवतो त्याला परत इथेच यावं लागतं ना. दहा जणांनी ठेवल्या तर सहा-सात जण टोपली घेतात. रिकाम्या हातानं चपला ठेवायची लाज वाटते माणसाला. म्हणजे चपला सांभाळायची मजुरी हारात धरलेली. जे तीन जण काही घेत नाहीत, त्यांचाही खर्च बाकीचे सातजण भरतात. तिला ठाऊक आहे, सातांना ठाऊक नाही, आणि कोणाची तक्रारही नाही.

पण हार संध्याकाळपर्यंतच हार. रात्री तो पाला. सोमवारी किती माळा ओवायच्या, हा तिचा खरा धंदा. विकणं त्यामानानं सोपं. कमी ओवल्या तर गिऱ्हाईक शेजारी जातं आणि जास्त ओवल्या तर दिवसाची कमाई कचऱ्यात. मी तिला विचारलं, मराठी श्रावणाचे सोमवार लागले की काय होतं? म्हणाली, “आपके लोगों की किरपा से पंधरा दिन और चलता है सीजन।” पंचांगातल्या एका पंधरवड्याच्या फरकावर किती चुली पेटतात ते मला साठीला टेकल्यावर कळलं.

भेरूगढला दुसऱ्या दिवशी गेलो. तिथल्या बाटिकच्या छपाईला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कापडावर वितळलेल्या मेणानं नक्षी काढायची, रंगात बुडवायचं, मेणाखाली रंग जात नाही, मग उकळत्या पाण्यात टाकून मेण काढायचं. मेणाला तडे जातात तिथून रंग शिरतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. तेच त्या कापडाचं खरेपण. नातीला मात्र रेषांपेक्षा मेण आवडलं. उकळत्या पाण्यावर ते तरंगतं, गार झालं की सायीसारखं काढून घेतात आणि पुन्हा वापरतात. तिनं दोन रकाने केले : जे परत मिळतं ते, आणि जे गेलं ते गेलं. रंग गेला, सरपण गेलं, मजुरी गेली, मेण बरंचसं परत आलं.

वाटेत कालभैरव लागतो. तिथे देवाला दारू चढवतात हे पोरीला माहीत आहे, उज्जैनच्या सगळ्या पोरांना असतं. बाहेर बाटल्यांसकट टोपल्या विकणारे असायचे. १ एप्रिल २०२५पासून उज्जैनसह मध्य प्रदेशातल्या धार्मिक गावांत दारूची दुकानं बंद झाली. नात म्हणाली, “मग त्यांचं मॉडेल?” मी म्हटलं, “एका हुकमानं संपलं.” तिनं ‘सरकार’ असा एक रकाना वाढवला. मी काही बोलले नाही; पुढे विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

रामघाटावर पंड्यांकडे मी तिला मुद्दाम नेलं. त्यांचं भांडवल म्हणजे त्या लांबोळ्या वह्या. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांची मोडीतली सही तिथे आहे, कधीतरी सिंहस्थाला आले होते तेव्हाची. दर ठरलेला नाही, पाटी नाही, तरी तीन पिढ्यांनी गिऱ्हाईक त्याच ओट्यावर येतं. वही विकत घेऊन नवा माणूस पंडा होऊ शकत नाही.

घरी आल्यावर नातीनं विचारलं, “आपल्याकडे अशी वही नाही?”

होती. लाल कापडाच्या बांधणीची, वर स्वस्तिक, पहिल्या पानावर ‘श्री’. आईच्या ट्रंकेत, गौरीच्या मुखवट्यांच्या खाली. दादानं ती पंचेचाळीस वर्षांत उघडली नव्हती. मीही नाही.

ती गोष्ट अशी. १९८०चा सिंहस्थ. मी तेव्हा नातीएवढीच, तेराव्या वर्षात. अण्णा कापडगिरणीत कारकून. आमच्यासारखी मराठी घरं उज्जैनला आली ती शिंद्यांच्या मागून. महाकालाचं आत्ताचं देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी उभं केलं, छत्री चौकातलं गोपाळ मंदिर बायजाबाईंनी बांधलं. १८१०मध्ये दौलतराव राजधानी ग्वाल्हेरला घेऊन गेले, पण सगळे काही गेले नाहीत. लष्करातले, देवळातले, दफ्तरातले मागे राहिले. दुकान घालायला मात्र आमच्यातलं कोणी आलं नव्हतं. त्यामुळे अण्णांनी गिरणीतून महिन्याची बिनपगारी रजा घेऊन कार्तिक चौकातल्या आमच्या भाड्याच्या वाड्याच्या अंगणात महाराष्ट्रीय खानावळ काढायची ठरवली, तेव्हा नात्यात सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. चैत्री पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत एक महिना. पोळी, भाजी, वरण-भात, कोशिंबीर. ताट ३ रुपये.

महिना संपला तेव्हा आईच्या हातात एकच पाटली होती. पुढे तेवीस वर्षं तिनं ती एकच घातली. कोणी विचारलं तर म्हणायची, दुसरी टोचते.

घरात या गोष्टीचं जे रूप रुजलं ते असं : अण्णा भोळे, आणि आचाऱ्यानं लुटलं. कणकेची पोती संपायची आणि ताटं तेवढी गेलेली नसायची. दादा सोळा वर्षांचा होता, त्यानं स्वतः पोती मोजली होती. तो आचारी पुढे कित्येक वर्षं ढाबा रोडवर दिसायचा. आम्ही मुलं त्याला बघून रस्ता ओलांडायचो आणि मागून हळूच ‘चोर’ म्हणायचो. मीही म्हटलंय.

नातीनं वही उघडली. अण्णांचं अक्षर सुरेख, कारकुनाचं. पहिल्या दोन पानांवर एकरकमी खर्च : मांडव ४००, भांड्यांचं भाडं ३५०, आचारी ६००, हाताखालचे दोघे ५००, लाकूड-कोळसा ३००, पाटी रंगवणं ५०. एकूण २२००. नात म्हणाली, “हे एकही माणूस जेवायला आला नाही तरी द्यायचेच.” शाळेत शिकवलं असावं. मग ताटामागचा खर्च. अण्णांनी तो २ रुपये १० पैसे काढला होता, अगदी मिठापर्यंत. म्हणजे एका ताटामागे सुटणार ९० पैसे. तिनं भागाकार केला : २२०० रुपये नुसते वसूल व्हायला २४४५ ताटं लागणार, रोजची ८२. अण्णांनी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘रोज १५०’.

पुढचं पान उलटलं. मोठ्या स्नानांचे तीन दिवस ३१०, २८५, ३०५. बाकीच्या सत्तावीस दिवसांत कधी ४२, कधी २८. तिनं बेरीज केली, ९४५. सगळी मिळून १८४५.

“एवढी गर्दी होती ना आत्याआजी? मग जेवायला का नाही आले?”

त्याचं उत्तर मला त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि ते वहीत नव्हतं. सिंहस्थात जेवण विकत कोण घेतं? आखाड्यांत भंडारे, घाटावर अन्नछत्रं, हाक मारून जेवायला बसवतात. बाकीची माळव्यातली, राजस्थानातली खेड्यातली माणसं पीठ-मीठ पाठीवर घेऊन येतात आणि नदीकाठी दाल-बाटी करतात. ज्या गावात महिनाभर अन्न फुकट वाटतात, त्याच गावात अण्णांनी पैशाचं ताट मांडलं. त्यांना वाटलं लाखो माणसं येणार, म्हणजे लाखो भुका येणार. भुका आल्या, पण त्यांची सोय आधीच झालेली होती. मऊ पोळी आणि साधं वरण शोधणारे आपले मराठी यात्रेकरू तेवढे अण्णांचे, आणि ते रोज तीस-चाळीसच असायचे.

आणि समोरच्या घरातले काका? त्यांनी त्या महिन्यात कंडे विकले. आमच्या बेळगावकडे शेणी म्हणतात, तुम्ही कोणी गोवऱ्या म्हणत असाल. बाटी कंड्यांवरच भाजायची असते. काकांनी थंडीपासून खेड्यांतून गाड्या भरून आणून रचले होते. आचारी नको, मांडव नको, न विकला गेलेला कंडा पावसाआधी घरच्या चुलीत जातो. आम्ही पोरं त्यांना हसायचो. ब्राह्मणाच्या घरासमोर शेणाचा ढीग म्हणून आजी नाक धरायची. त्या वर्षी काकांनी घरावर पत्रे टाकले.

“पण हे बघ,” नात म्हणाली, “१८४५ ताटांचे ९० पैशांनी १६६० रुपये ५० पैसे होतात. २२०० वजा ते... ५३९ रुपये ५० पैसेच तोटा. पाटली केवढ्याची होती?”

शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं. ‘पाटली मोडली — १८१०.’

मग उरलेले बाराशे-तेराशे कुठे गेले? दादा झोपाळ्यावरून म्हणाला, “आचारी.” त्याचा आवाज सोळा वर्षांच्या मुलासारखा लागला.

नात पुन्हा मागे गेली. रोजच्या पानावर ताटांच्या आकड्याखाली आणखी एक ओळ होती, बारीक अक्षरात. ‘घरचे — २२.’ ‘घरचे — १७.’ ‘घरचे — २५.’ एकही दिवस सुटलेला नाही. तिनं बेरीज केली, मग पुन्हा केली. ६००. सहाशे ताटं गुणिले २ रुपये १० पैसे : १२६०. पाचशे साडेएकोणचाळीस त्यात मिळवले की १७९९ रुपये ५० पैसे. पाटलीच्या पैशांतून साडेदहा रुपये उरले.

आम्ही घरात सहा माणसं. आणि आईनं आमच्यापुरतं चुलीवर वेगळंच केलेलं असायचं, मला चांगलं आठवतं. हे ‘घरचे’ म्हणजे सिंहस्थाला आलेले देवासचे मामा, नागपूरची मावशी, तिचे शेजारी, पुण्याचे चुलतचुलत, त्यांच्या ओळखीचे. वाड्यात पथाऱ्या टाकून राहिले, स्नानं केली, पंगतीला बसले. अण्णा त्यांच्याकडे पैसे मागणार? आणि आई त्यांना निम्मीच पोळी वाढणार? सगळे जाताना म्हणून गेले, खानावळ छान चाललीय हो.

आचाऱ्याच्या नावापुढची ओळ नातीनंच वाचली, तिला तिचं महत्त्व ठाऊक नव्हतं. ‘आचारी — ६०० पोचते. खुशाली ११.’

ज्याला चोर समजतात त्याला कोणी खुशाली देत नाही. अण्णांना सगळं माहीत होतं. आचारी चोर ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती, हे तेव्हा मला आठवलं. ती पुण्याच्या काकांनी पहिल्यांदा सांगितली, दिवाळीला आले तेव्हा, आमच्याच ओसरीवर बसून. अण्णांनी ती खोडली नाही एवढंच. खोडायची तर काय सांगून खोडायची? त्यांनी मान खाली घातली आणि भोळे ठरले. ते मला बरोबर वाटत नाही. स्वतःपुरतं भोळं ठरावं माणसानं, पण दुसऱ्याच्या माथ्यावर चोरी तशीच ठेवून? अण्णा जाऊन वीस वर्षं झाली, आचारी त्याच्या आधीच गेला. हे कोणाशी भांडायचं?

दादा उठून वही घेऊन आत गेला. बराच वेळ दिवा चालू होता.

रात्री जेवण झाल्यावर तो भाच्याला म्हणाला, “तुझा कागद आण.” भाच्यानं आणला. तीन खोल्यांचं बांधकाम, कर्जाचा हप्ता, विजेचं बिल, चादरी धुणं. दादा कारकुनाचा मुलगा. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून गेला. नात मध्येच म्हणाली, “बाबा, हप्ता म्हणजे मांडव. कोणी आलं नाही तरी द्यायचा. रोजच्या किती खोल्या भरल्या तर तो निघतो?” भाचा म्हणाला, २०२८ला तर एकही रिकामी राहणार नाही. “आणि २०२९ला?” त्यावर त्यानं जे सांगितलं ते मला पटलं : अण्णांची गर्दी बारा वर्षांतून एक महिना यायची, आता शनिवार-रविवार, श्रावण, शिवरात्र, सुट्ट्या, वर्षभर येत राहते. अंथरूण भंडाऱ्यात फुकट मिळत नाही. तिनांऐवजी आधी एकच खोली काढून बघ, एवढं मी सुचवलं. मालीणबाईचं बघून आले होते. दादा हो किंवा नाही काहीच म्हणाला नाही. पण कागद परत दिला नाही, चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला.

नातीनं तिच्या बापाच्या हिशेबाखाली रूळ घेऊन एक रेघ मारली आणि नवा रकाना पाडला. वर लिहिलं, ‘घरचे’.

“आत्याआजी, तू २०२८ला येशील ना सिंहस्थाला? तुला कुठल्या रकान्यात घालू?”

आमच्या भजनी मंडळातल्या बायकांना मी गेल्या वर्षीच सांगून ठेवलंय, माझ्या माहेरी उतरायची काळजी करू नका म्हणून. ते मी कौतुकानं दादाला पत्रात कळवलंही होतं.

दादा झोपाळ्यावरून म्हणाला, “घरचे. आणि तिच्याबरोबर अकरा जणी आहेत, त्याही लिही.”